दोन कटिंग चहाएवढं रक्त : मांजराच्या हृदयाचं ऑपरेशन आणि त्यात काय बिघडू शकतं

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी या भागातलं बोलणं इथे लिहून देत आहोत. बोलण्याची भाषा फारशी बदललेली नाही.)



आजचा विषय तुमच्या मेसेजमध्ये सारखा येतो. साधारण गोष्ट अशी असते. पिल्लाला लस द्यायला नेलं. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ लावून ठेवला. मग म्हणाले, "याच्या हृदयात मर्मर ऐकू येतोय. इको करून घ्या." इको केला, जन्मजात दोष निघाला, आणि कोणीतरी ऑपरेशनचं नाव काढलं. त्यानंतर घरात फक्त एक प्रश्न फिरत राहतो: करायचं की नाही?

मी व्हेट आहे, आणि माझं बरंचसं काम भूल देण्याचं. सर्जन काम करत असतो तेव्हा मांजराच्या डोक्यापाशी बसून श्वास, ठोके, रक्तदाब, अंगातली ऊब यांच्याकडे बघत बसते ती मी. त्यामुळे आज ऑपरेशन किती भारी असतं हे सांगण्यापेक्षा त्यात काय काय बिघडू शकतं, यावर बोलते. तुम्हाला घाबरवायचा हेतू नाही. संमतीच्या कागदावर सही करण्याआधी आपण कशावर सही करतोय हे कळावं, एवढंच.

आधी एक हिशोब करू. मांजराच्या अंगात किलोमागे साधारण ६० मिली रक्त असतं. ३ किलोचं मांजर धरलं तर १८० मिली. म्हणजे टपरीवरचे दोन कटिंग चहा. आणि पिल्लू १ किलोचं असेल तर ६० मिली, एक कटिंगसुद्धा भरत नाही. आता त्यातून १५ मिली सांडलं असं समजा. ते झाले तीन छोटे चमचे. माणसाच्या ऑपरेशनमध्ये एवढ्याकडे कोणी मान वळवून बघणार नाही. इथे पिल्लाचं पाव रक्त गेलेलं असतं. म्हणून रक्त टिपलेले गॉजचे तुकडे आम्ही टाकून देत नाही, वजनकाट्यावर ठेवतो. एक ग्रॅम वाढलं की एक मिली गेलं, असा ढोबळ हिशोब.

गेलेलं रक्त भरून काढायचं तर दुसऱ्या मांजराचं लागतं, आणि इथे मांजरांची एक खोड आहे. त्यांचे मुख्य रक्तगट ए, बी आणि एबी. बहुतेक मांजरं ए गटाची. पण बी गटाच्या मांजराच्या रक्तात ए गटाविरुद्धच्या कडक अँटिबॉडीज जन्मानंतर आपोआपच तयार होतात. त्यामुळे अशा मांजराला पहिल्यांदाच चुकीचं रक्त दिलं तरी ते मरू शकतं. कुत्र्यांमध्ये पहिली वेळ बऱ्याचदा निभावून जाते, मांजरात तो भरवसा नाही. 'कुणालाही चालेल' असा गटही मांजरांत नाही. म्हणजे गट तपासणं आणि रक्त देणारं धडधाकट मांजर शोधून ठेवणं, ही दोन्ही कामं ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यातली. टेबलावर रक्त वाहायला लागल्यावर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'अर्जंट डोनर हवा' टाकून भागत नाही.

आता दोषांकडे येऊ. जन्मजात हृदयदोष अनेक प्रकारचे असतात आणि प्रत्येकातला धोका वेगळा. सगळे एका भागात मावणार नाहीत, म्हणून ज्याचं ऑपरेशन मांजरात खरोखर केलं जातं आणि ज्यातून मांजर खरोखर बरं होऊ शकतं, त्या एकावर जास्त बोलते. त्याचं नाव पीडीए, म्हणजे पेटंट डक्टस आर्टिरिओसस. यातल्या 'पेटंट'चा त्या हक्कवाल्या पेटंटशी काही संबंध नाही, 'उघडं राहिलेलं' एवढाच अर्थ.

पिल्लू आईच्या पोटात असतं तेव्हा त्याची फुप्फुसं काम करत नसतात. म्हणून रक्ताने फुप्फुसांकडे न जाता थेट शरीराकडे जावं यासाठी फुप्फुस धमनी आणि महाधमनी यांच्यामध्ये एक छोटी जोडनळी असते. समजा, हायवेवरचा बायपास. जन्मानंतर पहिला श्वास घेतला की हा बायपास आवळायला लागतो आणि थोड्याच दिवसांत कायमचा बंद होतो. काही पिल्लांत तो बंद होतच नाही. मग महाधमनीतलं जोरदार दाबाचं रक्त उलट फुप्फुसांकडे शिरतं, तिथून परत हृदयाच्या डाव्या बाजूला येतं, पुन्हा तेच. हृदय तेच ते रक्त दोन-दोनदा ढकलत बसतं, फुगत जातं, आणि शेवटी फुप्फुसांत पाणी भरतं. स्टेथोस्कोपमध्ये हा आवाज पिठाच्या गिरणीसारखा अखंड घरघरत असतो. कुत्र्यांमध्ये हा दोष बराच दिसतो, मांजरांत क्वचित. क्वचित असल्यामुळेच मांजरात हे ऑपरेशन केलेले हात कमी सापडतात.

उपाय ऐकायला सोपा आहे: नळी बांधून टाका. माणसांत हे पहिल्यांदा यशस्वी झालं २६ ऑगस्ट १९३८ रोजी, बॉस्टनमध्ये. रॉबर्ट ग्रॉस नावाच्या तरुण सर्जनने सात वर्षांच्या एका मुलीची ही नळी बांधली. त्याचे वरिष्ठ तेव्हा रजेवर होते, ही त्यातली गंमत. मांजरावर आजही मूळ काम तेच होतं. डाव्या बाजूच्या चौथ्या किंवा पाचव्या फासळीच्या फटीतून छाती उघडायची, फुप्फुस हळूच बाजूला सारायचं, नळी मोकळी करायची आणि तिच्याभोवती दोरा आवळायचा.

अडचण 'नळी मोकळी करायची' या तीन शब्दांत आहे. ही नळी काही मिलिमीटरची, भिंत नाजूक, आणि तिची मागची बाजू सर्जनला दिसत नाही. वाकड्या टोकाचा चिमटा नळीच्या मागून, न बघता, केवळ बोटांच्या अंदाजाने पलीकडे काढावा लागतो. त्या वेळी भिंत फाटली तर महाधमनीच्या दाबाने रक्त उसळतं. ६० मिलीचा हिशोब आठवा. ही या ऑपरेशनमधली सगळ्यात भयंकर गुंतागुंत, आणि ती घडायला काही सेकंद पुरतात. कधीकधी फाटलेला भाग दाबून धरून, क्लॅम्प लावून, शिवून सावरता येतो. कधी येत नाही. पहिलं फाटणं छोटं असेल तर काही सर्जन तिथेच थांबतात, छाती बंद करतात आणि पुढे दुसऱ्या मार्गाने प्रयत्न करतात. "अर्धवट सोडलं" म्हणून लोक चिडतात. माझ्या मते थांबता येणारा सर्जन मिळणं हे त्या मांजराचं नशीबच.

समजा चिमटा नीट गेला, दोरा पलीकडे आला. आता गाठ आवळायची, आणि इथे माझं काम सुरू होतं. नळी बंद होताच जे रक्त फुप्फुसांकडे गळत होतं ते सगळं शरीराकडे वळतं. रक्तदाब एकदम चढतो. मेंदूला वाटतं, अरे बापरे, दाब फार झाला, आणि तो हृदयाला हळू चालायचा हुकूम देतो. मिनिटाला २००च्या आसपास चाललेले ठोके बघता बघता निम्म्यावर येऊ शकतात. याला ब्रॅनहॅमची प्रतिक्रिया म्हणतात. हे होऊ शकतं हे आधीच माहीत असल्यामुळे सर्जन गाठ एका झटक्यात मारत नाही. थोडं आवळतो, माझ्याकडे बघतो, मी मॉनिटरकडे बघते, मान हलवते, तो आणखी थोडं आवळतो. ठोके वाढवणारं इंजेक्शन सिरिंजमध्ये भरून हाताशी असतं. दोन-तीन मिनिटांचा खेळ, पण त्या मिनिटांत खोलीत कोणी बोलत नाही.

त्या भागातून काही नसाही जातात. एक नस तर या नळीलाच वळसा घालून पुन्हा गळ्याकडे चढते आणि स्वरयंत्राची डावी बाजू हलवते. तिला चिमट्याने ओढ बसली किंवा ती गाठीत आली तर मांजराचा आवाज बसतो, म्याऊ घोगरं होतं, कधी श्वास घेताना घशातून आवाज येतो. पीडीएच्या ऑपरेशननंतर मांजरांत स्वरयंत्राची एक बाजू लुळी पडल्याच्या नोंदी आहेत. नुसती ओढ बसलेली असेल तर काही आठवड्यांत सुधारणा होऊ शकते. नस तुटली असेल तर होत नाही.

आणखी एक कमी ऐकलेला त्रास म्हणजे छातीत दुधाळ द्रव साचणं. जेवणातली चरबी वाहून नेणारी एक बारीक वाहिनी छातीतून जाते. तिला इजा झाली तर तो पांढरा द्रव फुप्फुसांभोवती साचतो आणि काही दिवसांनी मांजर धापा टाकायला लागतं. हे घरी गेल्यावर कळतं, म्हणून सांगून ठेवते.

भुलीचे धोके मी मुद्दाम थोडक्यात घेते, नाहीतर इथेच भाग संपेल. छाती उघडली की मांजर स्वतः श्वास घेऊ शकत नाही, आम्हाला द्यावा लागतो. दाब जास्त झाला तर फुप्फुसाला इजा. श्वासनळीत घातलेल्या नळीचा फुगा जास्त फुगवला तर मांजराची नाजूक श्वासनळी फाटू शकते. पिल्लू भराभर गार पडतं, त्याची साखर भराभर उतरते. म्हणून मोठ्या माणसासारखं आदल्या रात्रीपासून पिल्लाला उपाशी ठेवू नका. किती तास, ते तुमच्या डॉक्टरांना विचारून तेवढेच. आणि सलाईन. रक्तदाब पडला की सलाईन सोडा, हा सगळ्यांचा पहिला विचार असतो. पण हे हृदय आधीच जास्तीच्या रक्ताने फुगलेलं असतं, सलाईन थोडं जास्त झालं तरी फुप्फुसांत पाणी.

आता या सगळ्याच्या आधीचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा. रक्त कुठल्या दिशेने वाहतंय? वर मी सांगितलं तेव्हा ते महाधमनीकडून फुप्फुसांकडे जात होतं. पण काही मांजरांत फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या या माऱ्याला कंटाळून जाड होतात, तिथला दाब वाढत जातो, आणि एक दिवस प्रवाह उलटतो. आता ऑक्सिजन नसलेलं रक्त त्या नळीतून शरीराकडे जातं. अशा वेळी ती नळीच हृदयाच्या उजव्या बाजूची सुटकेची वाट झालेली असते. ती बांधली तर उजवी बाजू बंद दारावर डोकं आपटत राहते आणि मांजर टेबलावरच किंवा त्यानंतर लगेच जातं. सर्जनने गाठ कितीही सुंदर मारली तरी. गिरणीसारखा आवाज अशा मांजरात कमी होतो किंवा नाहीसाच होतो, त्यामुळे 'आवाज कमी झाला, बरं वाटतंय' असा उलटा समज होतो. म्हणून ऑपरेशनच्या आधीचा इको हा हृदयाचं काम जाणणाऱ्या व्हेटने केलेला आणि ताजा हवा. सहा महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट घेऊन थेट टेबलावर जाऊ नका. "प्रवाह कुठल्या दिशेने आहे आणि फुप्फुसांचा दाब किती आहे?" हे दोन प्रश्न मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि बिनधास्त विचारा. चांगले डॉक्टर यावर चिडत नाहीत.

"ताई, छाती उघडायचीच कशाला? माणसांना मांडीतून तार घालून करतात ना?" हाही प्रश्न येतो. बरोबर आहे. कुत्र्यांत पायाच्या धमनीतून बारीक नळी नेऊन छोटं झाकण बसवतात, आणि ते छान काम करतं. मांजराची धमनी मात्र इतकी बारीक की बऱ्याच मांजरांत ती नळी शिरतच नाही. काही ठिकाणी शिरेच्या वाटेने जाऊन धातूची छोटी गुंडाळी बसवतात. तिचा धोका म्हणजे ती जागेवरून सुटून फुप्फुस धमनीत वाहून जाऊ शकते. किंवा पूर्ण बंद न होता थोडी गळती राहते. छाती वाचते, पण धोका संपत नाही, दुसरा येतो.

पीडीएबद्दल माझं मत विचाराल तर: प्रवाह योग्य दिशेने आहे, फुप्फुसांचा दाब फार नाही, पिल्लू लहान आहे पण खातंपितं आहे, आणि हात अनुभवी आहेत, तर करावं, आणि लांबवू नये. न केल्यास बरीच मांजरं हृदय थकून जातात. धोका दोन्हीकडे आहे, आणि इथे ऑपरेशनचं पारडं जड आहे.

पण सगळीकडे तसं नाही. मांजरांत जास्त आढळणारा जन्मजात दोष म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, ज्याला व्हीएसडी म्हणतात. यात एक गंमत आहे. भोक जितकं लहान, तितका आवाज मोठा असू शकतो. नळाच्या तोंडावर बोट ठेवून पाण्याची चिळकांडी उडवलीय ना? तसंच. त्यामुळे डॉक्टर "फार मोठा मर्मर आहे" म्हणाले आणि तुमच्या पोटात गोळा आला, पण इकोत भोक बारीक निघालं, तर ते मांजर कुठलंही ऑपरेशन न करता म्हातारं होऊ शकतं. अशाला कापायचं नाही, वेळोवेळी तपासायचं. आणि काही मांजरांत मर्मर असतो पण हृदयात दोषच नसतो, दवाखान्याच्या भीतीने ठोके वाढले की तो ऐकू येतो. नुसत्या मर्मरवरून कोणी ऑपरेशनची तारीख देत असेल तर उठून या.

भोक मोठं असेल तर मग? माणसाच्या बाळात हृदय थांबवून, उघडून, भोकाला ठिगळ लावतात. तोवर शरीराला रक्त पुरवतं हार्ट-लंग मशीन. या मशीनचा इतिहास मांजरांशी जोडलेला आहे. जॉन गिबन आणि त्याची बायको मेरी गिबन यांनी १९३० च्या दशकात बॉस्टनमध्ये त्याचे प्रयोग मांजरांवर केले. गिबन रात्री रस्त्यावरून भटकी मांजरं पकडून आणायचा, हे त्याने स्वतः सांगितलंय. १९३५ मध्ये मांजराचं रक्ताभिसरण काही वेळ त्या यंत्रावर टिकलं. पुढे ६ मे १९५३ रोजी त्याच्या मशीनच्या आधारे अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं भोक बंद झालं. लाखो माणसं त्यानंतर वाचली. आणि मांजरं? लहान मांजराला आजही हे मशीन लावणं अतिशय अवघड. कारण तोच हिशोब: मशीनच्या नळ्या भरायला जेवढा द्रव लागतो तो पिल्लाच्या सगळ्या रक्तापेक्षा जास्त असू शकतो. त्याचं स्वतःचं रक्त त्यात पाणचट होऊन जातं. हे मला दर वेळी सांगताना खटकतं.

म्हणून मोठ्या भोकासाठी एक तात्पुरता मार्ग आहे. फुप्फुस धमनीभोवती पट्टी बांधून ती थोडी अरुंद करायची, म्हणजे फुप्फुसांकडे जाणारा लोंढा कमी होतो. पट्टी सैल पडली तर उपयोग शून्य. घट्ट झाली तर प्रवाह उलटतो आणि जीभ निळी पडते. नेमकी किती आवळायची हे टेबलावरच, दाब मोजत ठरवायचं. शिवाय पिल्लू वाढतं, पट्टी वाढत नाही. आज बरोबर बसलेली पट्टी सहा महिन्यांनी घट्ट होऊ शकते. यात बरं होणं नाही, वेळ मिळवणं आहे, आणि हे संमतीपत्र देताना स्पष्ट शब्दांत सांगितलं गेलं पाहिजे.

आपल्याकडे पर्शियन मांजरं खूप घरांत आहेत, म्हणून एका दोषाबद्दल चार वाक्यं. लांब केसांच्या मांजरांत याची नोंद जास्त आहे. पोट आणि हृदयाभोवतीची पिशवी यांच्यात जन्मतः वाट राहते आणि यकृत किंवा आतडं वर त्या पिशवीत जाऊन बसतं. ऑपरेशनमध्ये ते खाली ओढून वाट शिवतात. पिल्लात अवयव सहज सुटतात, मोठ्या मांजरात चिकटलेले असतात आणि सोडवताना रक्त जातं. दबलेलं फुप्फुस एकदम फुगवलं तर त्यात पाणी भरू शकतं, म्हणून ते सावकाश फुगू द्यावं लागतं. पण सात-आठ वर्षांचं, मजेत खाणारं मांजर असेल आणि दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत हे सापडलं असेल, तर न छेडता लक्ष ठेवणं हा पूर्णपणे योग्य सल्ला असू शकतो.

आता घरी आल्यावरचं, कारण ते तुमच्या हातात आहे. मांजर शांत झोपलेलं असताना मोबाइलचा टायमर लावा आणि एका मिनिटात छाती किती वेळा वर येते ते मोजा. ३० च्या आत असेल तर ठीक. सतत त्याच्यावर जात असेल तर त्याच दिवशी फोन करा. तोंड उघडून धापा टाकत असेल तर फोनही नको, सरळ निघा. जमलं तर ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यापासून मोजायला लागा, म्हणजे तुमच्या मांजराचा नेहमीचा आकडा माहीत असेल. म्याऊचा आवाजही आधी रेकॉर्ड करून ठेवा. आवाज बदललाय की आपल्याला वाटतंय, यावर घरात भांडण नको.

आणि दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल, कितीही बारीक तुकडा असला तरी, देऊ नका. मांजराचं यकृत ते पचवू शकत नाही, त्यातून त्याचं रक्तच ऑक्सिजन वाहायचं बंद करतं. हृदयाचं ऑपरेशन निभावून घरी आलेलं मांजर अर्ध्या गोळीने जाऊ शकतं. वेदनेचं औषध डॉक्टरांनी दिलं नसेल तर मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

टाके काढून झाल्यावर एक इको परत करायचा असतो, गळती राहिली आहे का बघायला. बरेच लोक तेव्हा येतच नाहीत, कारण मांजर एव्हाना पडद्यावर चढलेलं असतं. तरी या, पिंजऱ्यात घालून.

पुढचा भाग मोठ्या वयात जाड होत जाणाऱ्या हृदयावर, तो वेगळाच आजार आहे. प्रश्न असतील तर आवाजी मेसेज पाठवा. मांजराच्या इकोचा रिपोर्ट असेल तर फोटो सरळ धरून काढा, मागच्या वेळी अर्धे रिपोर्ट उलटे आले होते.